रोहिष, रोशा आणि रोशेल तेल

वैद्यकाच्या हस्तलिखित पोथ्यांच्या याद्या करितांना पुष्कळदां असें घडतें कीं, पोथींत ‘रोहिष’ किंवा ‘कत्तृण’ हा शब्द आला म्हणजे त्यापुढें ‘रोशाचें तेल’ असा अर्थ लिहून यादीकार पुढें जातो. मग त्या यादीवरून दुसरा कोणी असें अनुमान काढतो कीं, खानदेशांत निघणारें रोशाचें सुगंधी तेल आपल्या देशांत चरकाच्या काळापासून चालत आलें आहे. हें अनुमान दिसावयास सरळ व मनास सुखावणारें आहे. परंतु त्यांत तीन निरनिराळ्या वस्तूंची गल्लत होते. एक, निघंटूंतील रोहिष नांवाचें गवत. दुसरी, त्या गवताच्या किंवा त्याच्या मुळाच्या योगानें सिद्ध केलेलें तिळेल. आणि तिसरी, गवत उकळून त्याची वाफ थंड करून मिळविलेलें उडून जाणारें तेल, ज्यास रोशेल म्हणतात. या तिहींचा इतिहास एक नाहीं. तो वेगवेगळा केल्यानें प्राचीनांच्या कीर्तीस बाध येत नाहीं. उलट ज्यांच्या कीर्तीची आजवर कोणी दादच घेतली नाहीं अशा कांहीं माणसांचें श्रेय त्यांचें त्यांस मिळतें. म्हणून हा विषय येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम नांवाचा विचार करूं. अमरकोशांत कत्तृणाच्या पर्यायांत पौर, सौगन्धिक, ध्याम, देवजग्ध व रौहिष हीं नांवें येतात. यांपैकीं ‘सौगन्धिक’ हें वासावरून व ‘देवजग्ध’ म्हणजे देवांनीं खाल्लेलें हें चवीवरून पडलेलें असावें. रोहिष या शब्दांतील हकार उच्चारांत लोपून व षकाराचा सकार होऊन रोहिस, रोइस व पुढें रोसा अथवा रोशा अशी परंपरा लागते. तेव्हां गवताचें मराठी नांव संस्कृताशीं निःसंशय जोडलेलें आहे. येथपर्यंत यादीकाराचें म्हणणें योग्य आहे. परंतु निघंटूंतील नांवें एका वस्तूस बांधलेलीं नसतात, हें विसरतां कामा नये. ‘भूतीक’ हें नांव कोठें या गवतास लागतें, तर कोठें ओव्यास. ओव्याच्या तेलांतील मुख्य द्रव्य थायमॉल होय. रोशाच्या तेलांतील मुख्य द्रव्य जिरॅनिऑल होय. दोहोंच्या वासांत, गुणांत व रसायनांत मोठें अंतर आहे. एका शब्दाचा अर्थ चुकला तर कृतींतील औषधच बदलतें. म्हणून संदर्भ पाहिल्यावांचून ‘भूतीक’ शब्दापुढें रोशा लिहिणें धोक्याचें आहे.

आतां उपयोगाकडे वळूं. चरकसंहितेंत स्तन्यजनन नांवाचा जो दहा औषधींचा गण सांगितला आहे, त्यांत वीरण, शालि, दर्भ, कुश, काश इत्यादींच्या पंक्तीस कत्तृण आहे. आणि तेथें या सर्वांचीं मुळें घ्यावयाचीं आहेत. ही गोष्ट लहान दिसते, पण निर्णायक आहे. रोशेल काढणारा कारागीर मुळास हात लावीत नाहीं. तो तुरे आलेलें गवत वरचेवर कापून घेतो, कारण सुगंधी तेल पानांत व मुख्यतः तुऱ्यांत असतें. चरकाच्या वचनावरून कत्तृण हें औषधी म्हणून ज्ञात होतें इतकें सिद्ध होतें. त्याचें तेल ज्ञात होतें असें सिद्ध होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, वैद्यकांत तैलकल्पना तर आहे. आहेच. शार्ङ्गधरानें तिचें परिमाण असें दिलें आहे कीं, कल्क एक भाग, स्नेह त्याच्या चौपट व द्रव स्नेहाच्या चौपट. हें सर्व एकत्र करून पाणी आटेपर्यंत मंदाग्नीवर शिजवावयाचें. कल्काची बोटांत वळली असतां वात व्हावी, ती विस्तवावर टाकली असतां तडतडूं नये, तेलावर फेस यावा, म्हणजे पाक सिद्ध झाला. या कृतींत जें तेल हातीं येतें तें तिळाचें. औषधीचा केवळ अंश त्यांत उतरलेला असतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें तिळेल हें स्थिर तेल आहे. त्याचे कण जड असतात व तें वाफेबरोबर वर जात नाहीं. रोशेल हें उडतें तेल आहे. कागदाच्या एका तुकड्यावर दोहोंचा एकेक थेंब टाकून ठेविला तर तिळेलाचा डाग कायम राहतो आणि शुद्ध रोशेलाचा डाग कांहीं वेळानें बहुतेक नाहींसा होतो. ‘तेल’ हा एकच शब्द आपण दोहोंस लावतों, म्हणून घोटाळा होतो.

प्राचीन वैद्यांस या भेदाची जाणीव नव्हती असें मात्र कोणीं समजूं नये. स्नेहाच्या चौपट पाणी आटविलें कीं त्या वाफेबरोबर सुगंधी भाग उडून जावयाचा, हें त्यांनीं अनुभवानें ओळखलें होतें. म्हणूनच सुगंधी द्रव्यें आरंभीं न घालतां शेवटीं घालण्याची गंधपाकाची रीत पडली. आणि कापूर, केशर यांसारखीं द्रव्यें भांड्यांत ठेवून त्यांवर ऊन तेल गाळण्याचा पात्रपाकही आला. सुगंध उडतो तर त्यास उडूं न देणें, हा त्यांचा उपाय. सुगंध उडतो तर त्यास उडूं देऊन दुसऱ्या भांड्यांत धरणें, हा अर्क काढणाराचा उपाय. दोन्ही उपाय एकाच निरीक्षणावर उभे आहेत, पण दिशा उलट आहेत.

गंधशास्त्राच्या ग्रंथांवरूनही हेंच दिसतें. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत गंधयुक्तीचा एक अध्यायच घातला असून सोळा द्रव्यांपैकीं चार चार घेतलीं असतां १८२० विकल्प होतात व भागांचे फेरफार धरून १,७४,७२० गंध होतात, असा हिशेब दिला आहे. हा मिश्रणाचा हिशेब आहे. गंगाधराचा ‘गंधसार’ व मराठी टीकेसह असलेला ‘गंधवाद’ हे दोन दुर्मिळ ग्रंथ परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४५ सालीं विद्वानांच्या नजरेस आणिले व पुढें १९८९ सालीं ते बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत छापले गेले. गंधसारांत भावन, पाचन, बोध, वेध, धूपन व वासन असे सहा संस्कार सांगितले आहेत. भिजविणें, शिजविणें, वास जागा करणें, धुरी देणें, फुलांत वासविणें या मार्गानें एका द्रव्याचा वास दुसऱ्यांत उतरविण्याची ही विद्या आहे. तिची सूक्ष्मता थक्क करणारी आहे. मराठी टीकेमुळें तर आपल्या भाषेंत गंधकाराचे शब्द काय होते, हेंही कळतें. परंतु तिची दृष्टि मिश्रणाकडे आहे. एका गवतापासून एकच शुद्ध तेल निराळें काढण्याकडे नाहीं.

मग वाफ धरण्याची कला आपल्याकडे केव्हांची? तक्षशिलेच्या उत्खननांत सर जॉन मार्शल यांस जीं मातीचीं भांडीं सांपडलीं, त्यांवरून ऊर्ध्वपातन येथें फार जुनें असावें असें मत पुढें आलें आहे. रसरत्नसमुच्चयांत तिर्यक्पातन यंत्र आहे, तें पाऱ्याकरितां. अत्तराविषयीं स्पष्ट उल्लेख मोंगल काळांत येतात. आईन-इ-अकबरींत सुगंधी द्रव्यांचें प्रकरण आहे, आणि गुलाबाच्या पाण्यावर तरंगणारें तेल वेगळें करण्याचें श्रेय जहांगीरानें आपल्या आत्मवृत्तांत नूरजहानच्या आईस दिलें आहे. अर्कप्रकाश नांवाचा जो ग्रंथ रावणाच्या नांवावर मोडतो, त्याचा आधार घेऊन अर्काची विद्या त्रेतायुगांत नेण्याचा मोह कित्येकांस होतो. पण त्यांत फिरंगरोगाचा उल्लेख आहे, व हा रोग पोर्तुगीज आल्यानंतर आपल्या वैद्यकांत शिरला. तेव्हां ग्रंथ सोळाव्या शतकाच्या मागें नेतां येत नाहीं. शिवाय यंत्र ठाऊक असणें व त्या यंत्रानें अमुक गवताचें तेल काढलें जाणें, या दोन गोष्टींत अंतर आहे. कुंभाराचें चाक जुनें म्हणून चाकावरचें प्रत्येक भांडें जुनें ठरत नाहीं.

रोशाच्या तेलाचा छापील उल्लेख एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणांत येतो. निमाडांतील गवताच्या तेलाविषयीं १८२५ सालीं डॉ. मॅक्सवेल यांनीं व १८२७ सालीं डॉ. फॉर्सिथ यांनीं कलकत्त्यांतील वैद्यकमंडळीपुढें माहिती ठेविली. गवताचें वनस्पतिशास्त्रीय नांव याच सुमाराचें आहे. लखनौचे जनरल क्लॉड मार्टिन यांनीं टिपू सुलतानाशीं झालेल्या युद्धांत बालाघाट प्रदेशांत असतां हें गवत पाहिलें. गुरें तें हावरेपणानें खातात व त्यांच्या दुधालोण्यास त्याचा वास येतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें, व त्यांनीं बीं बरोबर नेलें. रॉक्सबर्ग यांचा ‘फ्लोरा इंडिका’ १८२० सालीं निघाला, त्यांत मार्टिन यांचें नांव या गवतास दिलेलें आहे; आजही तें सिम्बोपोगॉन मार्टिनाय याच नांवानें ओळखलें जातें. आमच्या कोशकारांनीं ज्यास देवजग्ध म्हटलें, त्याचें विलायती नांव एका सेनापतीवरून पडावें, हा नामकरणाचा खेळ मौजेचा आहे.

खानदेशच्या धंद्याचें सविस्तर वर्णन १८८० च्या खानदेश गॅझेटियरवरून व पुढें डायमॉक प्रभृतींच्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथावरून मिळतें. धंद्याचें मूळ ठिकाण पिंपळनेर. तेथील गवत विरळ होऊं लागलें तसा तो नंदुरबार, शहादें व तळोदें या बाजूस सरकला. अक्राणीच्या डोंगरउतारावर गवत चांगलें येई. गवत कापून आणीत ते भिल्ल. तेल काढीत ते मुसलमान कारागीर. पावसाळा सरतां सरतां, सप्टेंबरच्या सुमारास, हे कारागीर भिल्लांकडून गवत विकत घेत व जेथें लांकूड व पाणी मुबलक अशा ओढ्याच्या कांठीं भट्ट्या मांडीत. सुमारें चार फूट लांब, दोन फूट रुंद व अडीच फूट खोल खड्डा खणून चूल करीत. तीवर तांब्याची किंवा लोखंडाची मोठी कढई ठेवून तींत थोडें पाणी व कांठोकांठ चिरलेलें गवत भरीत. वर झांकण ठेवून कणकेनें लिंपीत. झांकणाच्या भोंकांतून एक पोकळ वेळू निघे. त्यास फडकें गुंडाळून, उडदाच्या पिठानें लिंपून व दोरीनें आवळून त्याचें दुसरें टोंक वाहत्या पाण्यांत गळ्यापर्यंत बुडविलेल्या दुसऱ्या बंद भांड्यांत सोडीत. तें भांडें भरलें म्हणजे हलूं लागे, ती खूण. मग नळी काढून आंतील पाणी तिसऱ्या भांड्यांत ओतून ढवळीत, आणि वर आलेलें तेल हलक्या हातानें काढून घेत. उरलेलें पाणी फेंकीत नसत. नव्या गवताबरोबर तें पुनः कढईंत घालीत. १८७९-८० सालीं अशा भट्ट्या १९७ होत्या व त्यांत सुमारें ७१ हंड्रेडवेट, म्हणजे आजच्या मापानें सुमारें ३६०० किलो, तेल निघालें.

या कृतीची रसायनाच्या कसोटीवर पारख केली तर प्रत्येक पायरीस कारण सांपडतें. जिरॅनिऑल एकटें तापविलें तर सुमारें २३० अंश सेंटिग्रेडला उकळतें; इतक्या उष्णतेनें गवत करपून जाईल. परंतु पाणी व तेल एकमेकांत मिसळत नसल्यामुळें दोघांच्या वाफांचे दाब एकमेकांत मिळविले जातात, आणि शंभर अंशांच्या आंतच तेल पाण्याच्या वाफेवर स्वार होऊन निघतें. तेल पाण्याहून हलकें, म्हणून वर तरंगतें. जिरॅनिऑलचा अल्पसा अंश पाण्यांत विरघळून राहतो, म्हणून तें पाणी पुनः कढईंत घालण्यांत फायदा. उडदाचें पीठ व कणीक ओलसर उष्णतेनें घट्ट धरतात, म्हणून वाफ वाया जात नाहीं. पिंपळनेरच्या कारागिरानें हीं कारणें कोणत्या पाठशाळेंत शिकलीं नव्हतीं. पण त्याची रीत कारणास सोडून एक पाऊलही गेली नाहीं.

आतां साक्षीपुराव्याच्या दृष्टीनें फार बोधक असा एक मुद्दा. जुन्या वर्णनांत असें म्हटलें आहे कीं, तुरा कोंवळा व निळसर पांढरा असतां त्याच गवतास कारागीर ‘मोतिया’ म्हणतात, व पिकून तांबडा झाल्यावर ‘सोनफिया’ किंवा ‘सोफिया’ म्हणतात. म्हणजे भेद वयाचा. परंतु १९०९ सालीं बर्किल यांनीं या गवताच्या जातींचा अभ्यास करून हे दोन स्वतंत्र प्रकार असल्याचें दाखविलें. मोतिया कोरड्या, निचऱ्याच्या, उघड्या उतारावर तुटक तुटक ठोंबांनीं वाढतो. सोफिया ओलसर सखल जागीं दाट माजतो. तेलें तपासलीं तर भेद अधिकच स्पष्ट होतो. मोतियाच्या तेलांत १०० भागांत सामान्यतः ७५ ते ९० भाग जिरॅनिऑल असतें, व त्यास गुलाबासारखा वास येतो. सोफियाच्या तेलांत जिरॅनिऑल पुष्कळ कमी असून लिमोनीन, पेरिलिल अल्कोहोल इत्यादि द्रव्यें असतात. त्याचा वास उग्र, आल्याच्या बाजूस झुकणारा, म्हणून व्यापारांत त्यास जिंजरग्रास तेल म्हणतात. गवताच्या वयानेंही तेलांत फरक पडतो, हें खरें. त्यामुळें लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्यास दोन भेद एकच वाटले असावेत. नांवें मात्र कारागिरांनीं खरी वस्तु ओळखून ठेविलीं होतीं. लिखित कागद व लोकांच्या तोंडचा शब्द यांत विरोध आला म्हणजे कागदच खरा, असें आपण संशोधक सहसा धरून चालतों. येथें कागदापेक्षां शब्द अधिक काळजीपूर्वक निघाला.

तेलाची पुढील वाट पाहतां हा विषय खानदेशापुरता राहत नाहीं. माल गाड्यांवरून कुंदाईबारी घाटानें सुरतेस किंवा धुळें-मनमाडवरून मुंबईस जाई. तेथून तांबड्या समुद्राच्या बंदरांतून कॉन्स्टंटिनोपलला पोंचे. तुर्क लोक त्यास ‘इद्रिस याघी’ म्हणत, आणि युरोपांत त्यास ‘तुर्की जिरॅनियम तेल’ असें नांव पडलें. तें तुर्कस्थानांत होत नसे व जिरॅनियमचेंही नव्हे. लिंबाच्या रसानें आंबट केलेल्या पाण्याशीं तें घुसळून, उन्हांत ठेवून त्याचा उग्रपणा घालवीत, व मग गुलाबाच्या अत्तरांत भेसळ करीत. ही भेसळ खपे याचें कारण असें कीं, जिरॅनिऑल हें गुलाबाच्या तेलाचाही एक मुख्य घटक आहे. नाक फसे तें खोट्या वासानें नव्हे, तर खऱ्या वासाच्या एका अंशानें. पुढें १८७१ सालीं जर्मन रसायनज्ञ याकोब्सेन यांनीं याच हिंदी तेलांतून तें द्रव्य वेगळें करून त्यास जिरॅनिऑल हें नांव दिलें. कार्बनचे १०, हायड्रोजनचे १८ व ऑक्सिजनचा १ असे अणु मिळून त्याचा कण होतो. आज हें द्रव्य साबण, अत्तरें व प्रसाधनें यांत जगभर वापरलें जातें. ज्या गवतावरून विज्ञानास तें प्रथम मिळालें, तें गवत भारताच्या डोंगरांतून कापून आणणाऱ्याचें नांव कोणत्याही रसायनग्रंथांत नाहीं. आणि खुद्द पदार्थाचें नांव परक्या फुलावरून पडलें.

औषधी गुणांविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे, कारण या बाबतींत अलीकडे फार अतिशयोक्ति चालते. आमवातावर व शिरांच्या दुखण्यावर रोशेल चोळण्याची रूढी एकोणिसाव्या शतकांतील ग्रंथांत नमूद आहे. प्रयोगशाळेंत जिरॅनिऑलनें कित्येक जीवाणूंची व बुरशींची वाढ रोखली जाते, व डांस दूर राहतात, हें दिसून आलें आहे. परंतु काचेच्या नळींत जीवाणु मरणें व मनुष्याच्या शरीरांत रोग बरा होणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. आमवात या तेलानें बरा होतो असें रोग्यांवरील कसून केलेल्या परीक्षांनीं ठरलेलें नाहीं. चोळल्यानें कातडीस ऊब येते व तात्पुरता आराम वाटतो, इतकें म्हणणें निर्दोष. शिवाय जिरॅनिऑलनें कांहींच्या त्वचेस खाज व पुरळ येतें. त्यामुळें युरोपीय संघानें प्रसाधनांच्या वेष्टनावर ज्या सुगंधी द्रव्यांचीं नांवें छापणें सक्तीचें केलें, त्यांत तें आहे. जुन्या पोथींतील कत्तृणाचे गुण या तेलास चिकटवून तें पोटांत घेणें तर सर्वथा त्याज्य. पोथींत मूळ आहे, बाटलींत तुऱ्याचें तेल आहे.

हस्तलिखितें बाळगणाऱ्यांच्या उपयोगाचीही एक गोष्ट आहे. ताडपत्रांस सिट्रोनेला किंवा गवती चहाचें तेल हलकेंच लावण्याची रीत संग्रहालयांत रूढ आहे. हीं दोन्ही गवतें रोशाचींच भावंडें. त्यानें पानें लवचीक राहतात व कीड दूर राहते. परंतु हीच रीत कागदी पोथीस लावणें चुकीचें होय. उडतें तेल उडून जातें खरें. पण त्याचा जो भाग हवेंतील ऑक्सिजन घेऊन बसतो तो चिकट व पिवळा होऊन कागदांत कायम राहतो. कागदाच्या बस्त्यांत वेखंडाची पुरचुंडी ठेवावी. तेल पानास लावूं नये.

सारांश, रोहिष प्राचीन, रोशा त्याचा वंशज, आणि रोशेल ही त्या गवताच्या इतिहासांतील फार अलीकडची व निराळ्या हातांची कमाई. यादीकारांनीं ‘रोहिष’ शब्दापुढें ‘रोशा गवत’ इतकेंच लिहावें. कोणतें अंग घ्यावयाचें सांगितलें आहे तें, आणि ‘तेल’ शब्द असल्यास तें शिजविलेलें कीं वाफेचें तें कृतीवरून ठरवून नोंदवावें. गंधाच्या, अर्काच्या व तेलाच्या कृतींचे सुटे कागद पोथ्यांच्या बस्त्यांतून निघतात; ग्रंथ नव्हे म्हणून ते बाजूस पडतात. ते जपून ठेवावेत. विशेषतः पिंपळनेर, नंदुरबार, तळोदें या भागांतील गवताचे इजारे, जंगलखात्याच्या पावत्या, अडत्यांच्या वह्या व कारागिरांच्या घरचे हिशेब कोणाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं त्यांची नक्कल मंडळाकडे अवश्य पाठवावी. भट्ट्या १९७ होत्या हें सरकारी ग्रंथानें सांगितलें. त्या भट्ट्यांपुढें कोण बसत होते हें सांगणारा कागद निघाला, तर अमरकोशाच्या आणखी एका प्रतीइतकेंच आम्ही त्याचें स्वागत करूं.